अँगल ग्राइंडरवर कोणती डिस्क कशी बसवायची? (पातळ कटिंग डिस्क नट आवळूनही मोकळी फिरते)

शिकाऊ_फिटर

मंडळी, नमस्कार. कुंड्या ठेवायला लोखंडी स्टँड करायला घेतला आहे, २५ मिमीच्या चौकोनी पाइपचा. त्यासाठी ४ इंची अँगल ग्राइंडर घेतला. खोक्यात मशीन, बाजूचा दांडा, गार्ड, दोन टोकांचा पाना, वॉशरसारखी एक जाड चकती आणि एक गोल नट एवढं निघालं. सोबत ६ मिमी जाडीची ग्राइंडिंग डिस्क होती. माहितीपत्रकातलं चित्र बघून ती बसवली, छान चालली.

अडलं ते कटिंग डिस्कपाशी. तिच्यावर १०५ × १ × १६ (मिमीत व्यास, जाडी, भोक) असं छापलंय. जाड डिस्क काढली, तिच्या जागी ही ठेवली, नट आधीसारखाच लावला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून आवळला. मग हाताने फिरवून पाहिलं तर स्पिंडल (मशीनचा फिरणारा आस) जागच्या जागी आणि डिस्क मोकळी गरगर फिरतेय. मशीन सुरू केलं नाही. एका ओळखीच्यांनी सांगितलं, खाली पुठ्ठा कापून घाल, घट्ट बसेल. मन धजत नाही.

आणखी दोन गोष्टी. गंज काढायला तारेचा कप ब्रश आणला, तो स्पिंडलच्या आट्यांत धरतच नाही, नुसता वरखाली सरकतो. आणि घरात ५ इंची कटिंग डिस्क चार-पाच पडून आहेत. गार्ड काढला की त्या बसतील असं दिसतंय. चालतील का?

आटेपाना

मशीन सुरू केलं नाहीत हे फार चांगलं केलंत. पुठ्ठा अजिबात घालू नका. गरम झाला की तो दबतो, दबला की पकड जाते, आणि ती जाते नेमकी डिस्क पाइपात असताना.

तुमचा नट हातात घ्या आणि दोन्ही बाजूंनी नीट बघा. एका बाजूला आट्यांभोवती गोल उंचवटा असेल, दुसरी बाजू सपाट असेल. पान्याची टोकं घालायची भोकं आरपार आहेत, म्हणजे नट दोन्ही बाजूंनी लावता येतो. तो तसा केलाय तो याचसाठी.

आता ती वॉशरसारखी चकती, आतली फ्लँज. तिच्यावरही मध्यभागी एक खांदा आहे, १६ मिमी व्यासाचा. डिस्कचं भोक या खांद्यावर बसतं आणि त्यामुळेच डिस्क स्पिंडलच्या बरोबर मध्यावर येते. स्पिंडलचे आटे डिस्कला मध्यावर आणत नाहीत, ते फक्त नट धरतात. जाड डिस्कच्या वेळी नटाचा उंचवटा आत, डिस्कच्या भोकात जायला हवा. ६ मिमीच्या भोकात एका बाजूने फ्लँजचा खांदा, दुसऱ्या बाजूने नटाचा उंचवटा, दोघांना जागा पुरते आणि दोघांच्या रुंद कडा डिस्कला दोन्हीकडून दाबतात.

तीच मांडणी १ मिमीच्या डिस्कवर केली की खांदा आणि उंचवटा आधी एकमेकांना टेकतात. तुम्ही जो जोर लावलात तो सगळा लोखंडाने लोखंड दाबण्यात गेला. डिस्क मधल्या फटीत मोकळीच राहिली.

नट उलटा करा. उंचवटा बाहेर, सपाट बाजू डिस्कवर. पुन्हा आवळा आणि हाताने फिरवा. डिस्क, नट आणि स्पिंडल तिन्ही एकत्रच फिरायला हवेत. आणि हे सगळं प्लग काढूनच. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवून. नुसतं बटण बंद असणं पुरेसं नाही, कारण पाना लावताना हात नेमका तिथेच जातो.

शिकाऊ_फिटर

आटेपाना, मनापासून आभार. नट उलटा केला आणि डिस्क पक्की बसली. माहितीपत्रकातल्या चित्रात नटाची बाजू इतकी बारीक दाखवली आहे की मला ती दिसलीच नाही.

पण आता डिस्क किंचित हलत फिरतेय. हाताने सावकाश फिरवली तर कड एकदा गार्डच्या जवळ येते, एकदा लांब जाते. दीड-दोन मिमीचा फरक असेल. नवीन डिस्क आहे. चालवू का?

जुना_लेथवाला

चालवू नका. आधी डिस्क काढा आणि फ्लँज बघा.

बहुतेक मशीनच्या स्पिंडलवर आट्यांच्या खाली समोरासमोर दोन सपाट बाजू घासलेल्या असतात. आतल्या फ्लँजच्या भोकालाही तशाच दोन सरळ कडा असतात. त्या एकमेकांत बसल्या की फ्लँज स्पिंडलवर स्वतंत्रपणे फिरू शकत नाही. घाईत ती तिरकी राहते, वरून नट आवळला की तशीच तिरकी दाबली जाते, आणि डिस्क तिच्यामागे तिरकी. फ्लँज स्पिंडलवर ठेवून बोटाने डावी-उजवीकडे फिरवून बघा. खाली टेकून अडकली पाहिजे.

दुसरं कारण कचरा. जाड डिस्कने घासून झाल्यावर लोखंडाची भुकटी फ्लँजच्या तोंडावर आणि मागच्या खाचेत चिकटते. माझ्याकडे एक मशीन असंच हलतं म्हणून आलं होतं. फ्लँज काढली तर मागे वेल्डिंगचा उडालेला एक थेंब चिकटलेला, मोहरीएवढा. नखाने निघेना, छिन्नीच्या कोपऱ्याने काढला आणि डिस्क सरळ झाली. केंद्राशी मोहरीएवढी चूक असली की कडेपर्यंत ती कितीतरी मोठी होते.

सुक्या फडक्याने फ्लँजची दोन्ही तोंडं, नटाचं तोंड आणि स्पिंडलचा खांदा पुसा. फ्लँज काचेवर ठेवून दाबून बघा. डुगडुगली तर वाकलेली आहे, बदला. दुसऱ्या मशीनची फ्लँज ‘बसते’ म्हणून वापरू नका, खांद्याची उंची आणि व्यास मशीनप्रमाणे बदलतात.

आणि हो, काही फ्लँजचा खांदाच इतका उंच असतो की १ मिमीच्या डिस्कमधून वर डोकावतो. तशा वेळी नटाच्या सपाट बाजूला मध्यभागी खोलगट जागा नसेल तर नट उलटा करूनही पकड येत नाही. म्हणून हाताने फिरवून बघणं प्रत्येक वेळी.

चौकोनी_पाइप

५ इंची डिस्कबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहितो. माझ्या डाव्या दंडावर या प्रश्नाचं उत्तर आहे.

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्याकडेही ४ इंची मशीन होतं आणि ५ इंची डिस्क पडून होत्या. गार्ड काढला. ५ इंची डिस्कचं भोक २२.२३ मिमी असतं आणि माझ्या फ्लँजचा खांदा १६ चा. डोळ्यांनी बरोबर मध्यावर धरून नट आवळला. चालू केल्यावर मशीन हातात थरथरत होतं. वाटलं, मोठी डिस्क आहे, थरथरणारच. तिसऱ्या कापात पाइप किंचित दाबला गेला, डिस्क अडकली आणि तुटली. मोठा तुकडा भिंतीत गेला, लहान दंडात. चौदा टाके पडले. गार्ड असता तर तो तुकडा माझ्याकडे आलाच नसता.

आता हिशेब बघा. २२.२३ मधून १६ वजा केले तर ६.२३, म्हणजे डिस्क केंद्रापासून एका बाजूला ३ मिमीपर्यंत सरकलेली असू शकते. मिनिटाला ११,००० फेऱ्या असताना ३ मिमी सरकलेली डिस्क काय करेल ते मी हाताने अनुभवलं आहे.

फसवणूक कुठे होते तेही सांगतो. साध्या रेझिनच्या (कृत्रिम राळेने बांधलेल्या) डिस्कची कडेची कमाल गती सेकंदाला ८० मीटर ठरलेली असते, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. ५ इंचीसाठी ती १२,२५० फेऱ्यांना येते. त्यामुळे ११,००० च्या मशीनवर ५ इंची डिस्क आकड्यांत बसते आणि लोक म्हणतात, ‘फेऱ्या तर कमीच आहेत.’ फेऱ्या बसतात, पण भोक बसत नाही आणि गार्ड बसत नाही.

आटेपाना

चौकोनी_पाइप यांना पूर्ण अनुमोदन. त्यात भर घालतो.

९ इंची डिस्कवर ६,६५० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. भोक तेच २२.२३ मिमी, म्हणून ती ५ इंची मशीनच्या फ्लँजवर अगदी नेमकी बसते. गार्ड काढून ती लावणारे मी पाहिले आहेत. ११,००० फेऱ्यांना ९ इंचीच्या कडेची गती सेकंदाला १३२ मीटर होते. डिस्कला बाहेर ओढणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे तो जवळजवळ पावणेतीन पट. कागद पंख्याला लावल्यासारखी गोष्ट आहे ती.

काहीजण ९ इंची डिस्क झिजून ५ इंचीएवढी झाली की छोट्या मशीनवर संपवतात. तेही नको. तिच्यावर छापलेली मर्यादा ६,६५० चीच आहे आणि मोठ्या मशीनवर झिजलेली डिस्क छोट्यावर लावू नये, असं माहितीपत्रकांत स्पष्ट लिहिलेलं असतं.

डिस्कवर पट्टा असेल तर रंग बघा. निळा ५० मीटर, पिवळा ६३, लाल ८०, हिरवा १००.

रोजचं_काम

तुमचं सगळं वाचलं. मी अठरा वर्षं फॅब्रिकेशन करतो, आमच्याकडे निम्म्या मशीनवर गार्ड नाही. गार्ड लावला की कोपऱ्यात डिस्क पोचत नाही, वेल्डिंगचा टाका दिसत नाही. काम कसं करायचं? नवीन माणसाला इतकं घाबरवून तो मशीन हातात तरी घेईल का?

जुना_लेथवाला

रोजचं_काम, तुमची अडचण खरी आहे. कोपऱ्यात गार्ड आडवा येतो. पण गार्ड फिरतो. त्याचा क्लॅम्प किंवा खटका सैल करून हवा तसा फिरवायचा आणि पुन्हा घट्ट करायचा, पाच सेकंदांचं काम. बंद बाजू नेहमी डिस्क आणि आपण यांच्यामध्ये. तरीही पोचत नसेल तर त्या जागेला अँगल ग्राइंडर हे हत्यार नाही, तिथे लांब नाकाचा डाय ग्राइंडर लागतो, नाहीतर कानस.

आणखी एक, जे बरेच जण करत नाहीत. ग्राइंडिंगचा गार्ड खालून उघडा असतो. कटिंगचा गार्ड डिस्कच्या दोन्ही बाजू झाकतो. पातळ डिस्क फुटते तेव्हा तुकडे दोन्ही बाजूंना जातात, म्हणून कापताना दोन्हीकडून झाकणारा गार्ड लावायला हवा. काही मशीनसोबत तो येतो, काहींसाठी वरून चढवायचं झाकण वेगळं मिळतं.

रोजचं_काम

फिरवतो गार्ड. उद्या मुलांनाही दाखवतो.

टाइलवाली_ताई

मी फरशी आणि ग्रॅनाइटचं काम करते, म्हणून डायमंड ब्लेडबद्दल लिहिते. लोखंडाच्या डिस्कचे सगळे नियम इथे लागू होत नाहीत.

रेझिनच्या डिस्कला दिशा नसते, ती कुठल्याही बाजूने कापते. डायमंड ब्लेडवर मात्र बाण असतो. ग्राइंडरच्या डोक्यावरही बाण असतो. दोन्ही एकाच दिशेला आले पाहिजेत. ब्लेडमध्ये हिऱ्याचे कण धातूच्या चुऱ्यात बसवलेले असतात. फिरताना प्रत्येक कणामागे धातूची बारीक शेपटी तयार होते आणि ती कणाला आधार देते. ब्लेड उलटी लावली की आधार समोर आणि कण उघडा, मग कण निखळतात. माझी एक नवी ब्लेड अशी अर्ध्या दिवसात बोथट झाली होती.

४ इंची ब्लेडचं भोक पुष्कळदा २० मिमी असतं आणि सोबत १६ ची रिंग येते. रिंग ब्लेडच्या जाडीपेक्षा जाड नको, नाहीतर शिकाऊ_फिटर यांच्या नटासारखंच होतं, नट रिंगवर टेकतो आणि ब्लेड मोकळी. काही फ्लँजच्या एका बाजूला १६ चा आणि दुसऱ्या बाजूला २० चा खांदा असतो. तसं असेल तर रिंगची गरजच नाही, फ्लँज उलटी बसवायची. विकत घेताना ११० मिमीची ब्लेड उचलू नका, ती टाइल कटरसाठी असते, ग्राइंडरच्या गार्डला घासते. १०५ ची घ्या.

खाचा असलेली ब्लेड काँक्रीट आणि दगडाला. अखंड कडेची टाइलला, कारण खाचांचे धक्के बसले की चकाकीचे टवके उडतात. कोरडं कापताना एका दमात खोल जायचं नाही, दोन-तीन हातांत कापायचं आणि मध्ये ब्लेड हवेत मोकळी फिरू द्यायची, ती तेवढ्यात थंड होते. साध्या ग्राइंडरवर पाणी सोडू नका, विजेचं मशीन आहे. आणि दगडाची धूळ फुप्फुसात कायमची राहते, फडकं बांधून भागत नाही, चांगला मास्क लावा.

याच ब्लेडने सळई कापायचा मोह होतो. हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेल्या लोखंडात कार्बन मिसळतो, त्यामुळे साधी डायमंड ब्लेड लोखंडावर भराभर संपते.

शिकाऊ_फिटर

टाइलवाली_ताई, शेपटीची गोष्ट वाचून मी भिंगाने बघितली एका जुन्या ब्लेडवर. खरंच दिसते!

जुना_लेथवाला, फ्लँज तिरकीच होती. दोन सपाट कडा जुळवून बसवल्यावर डिस्क सरळ फिरतेय. आता फक्त कप ब्रश राहिला. आणि हो, तीन कापांनंतर डिस्क बदलायला गेलो तर नट निघेना.

आटेपाना

नट आधी.

नट उजव्या आट्यांचा असतो आणि मशीन अशा दिशेने फिरतं की कापताना डिस्कला जो विरोध होतो त्याने नट आणखी आवळला जातो. म्हणून लावताना जीव खाऊन आवळायची गरजच नाही, हाताने लावून पान्याने एक हलका दाब पुरे. बाकीचं मशीन स्वतः करतं. डिस्क अडकली की तो एका झटक्यात जाम होतो.

काढताना स्पिंडल लॉकचं बटण दाबून पाना डावीकडे. पाना घसरत असेल तर टोकं झिजलीत, पाना बदला. मोठ्या झटक्याने किंवा हातोडीने ठोकून काढू नका. त्या बटणाखाली एक बारीक पिन असते, ती गिअरच्या खाचेत जाते. मी एकदा पान्याला नळी लावून जोर केला तेव्हा पिन मोडलीच, शिवाय गिअरबॉक्सचं झाकणही तडकलं. मशीन फिरत असताना बटण दाबलं तरी हाच परिणाम.

डिस्क झिजलेली असेल तर एक साधा उपाय आहे. प्लग काढा, चष्मा घाला आणि पकडीने डिस्क कडेकडून थोडी थोडी मोडत केंद्रापर्यंत या. फ्लँज आणि नटाच्या मधला भाग चुरा होऊन निघाला की दाब सुटतो आणि नट हाताने फिरतो. नवी डिस्क असेल तर नटाला बसेल असा मोठा पाइप पाना लावून सावकाश दाब द्या.

वायर_आणि_फ्लॅप

कप ब्रशचं उत्तर आट्यांत आहे. ४ इंची मशीनचा स्पिंडल साधारणपणे एम१० असतो, आट्यांची पीच (दोन आट्यांमधलं अंतर) दीड मिमी. ११५ मिमीपासून पुढच्या मशीनवर एम१४, पीच २ मिमी. अमेरिकन मशीनवर ५/८ इंच, इंचाला ११ आटे. तुमचा ब्रश एम१४ चा आहे, म्हणून एम१० वर नुसता सरकतो. सरकतो हे बरं. खरा धोका ५/८ चा ब्रश एम१४ वर लावण्यात आहे. ५/८ म्हणजे जवळपास १५.९ मिमी, तो दोन-तीन आटे पकडल्यासारखा वाटतो आणि वेगात सुटतो.

एम१० वरून एम१४ करणारे अडॅप्टर मिळतात, पण त्याने ब्रश स्पिंडलपासून आणखी लांब जातो आणि गार्डच्या बाहेर येतो. एम१० चाच ब्रश घ्या.

बसवताना आतली फ्लँज आणि नट दोन्ही काढा, ब्रश थेट स्पिंडलवर फिरवत न्या. मग बघा, ब्रशचं बूड स्पिंडलच्या खांद्यावर पूर्ण टेकलं का. ब्रशचं भोक उथळ असेल तर स्पिंडलचं टोक आधी तळाला लागतं, ब्रश घट्ट वाटतो पण खांद्यावर बसलेला नसतो. फट दिसली तर तो ब्रश त्या मशीनचा नाही. फेऱ्यांची मर्यादाही वाचा. मोठ्या कपाची मर्यादा ११,००० पेक्षा बरीच कमी असू शकते.

ब्रश दाबायचा नसतो. तारांची टोकं घासतात, दाबलं की तारा वाकून कुशीवर येतात आणि तुटून उडतात. एक तार माझ्या जाड कापडी पँटमधून मांडीत दोन सेंटिमीटर गेली होती, बाहेर नुसता काळा ठिपका दिसत होता. डोळ्यांना बंद गॉगल आणि त्यावर चेहऱ्याची ढाल, दोन्ही हवंत. ढालीच्या खालच्या फटीतून तार आत येते. बाह्या सैल नकोत, आणि लोंबणारे सुती हातमोजे तर अजिबात नकोत, ब्रश ते क्षणात ओढून घेतो.

फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पट्ट्यांची) मात्र ग्राइंडिंग डिस्कसारखीच, फ्लँज आणि नटाने बसते. खोलगट मध्य असलेल्या सगळ्या डिस्क अशा लावायच्या की फुगीर बाजू मशीनकडे जाईल आणि नट खोलगट जागेत बुडेल, नाहीतर नटच कामाला घासतो. टाका मोडायला ४० नंबर, साफ करायला ८०, रंगाआधी १२०. ग्राइंडिंग डिस्क साधारण ३० अंशांत धरतात, फ्लॅप त्याहून पसरट. फायबरची कागदासारखी डिस्क एकटी कधीच लावू नका, तिला मागे रबरी पॅड आणि पॅडचा स्वतःचा नट लागतो.

टाइलवाली_ताई

कटिंग डिस्कच्या बाजूने घासू नका हेही लिहा कुणीतरी. १ मिमीची डिस्क कडेवर ताकदवान असते, बाजूने तिला ताकद नाही. कापून झाल्यावर कडेला निघालेला बर (धातूची धारदार किनार) त्याच डिस्कने साफ करायचा मोह प्रत्येकाला होतो.

शिकाऊ_फिटर

मी कालच तसं केलं होतं. बंद.

जुन्या डिस्क वापरण्याआधी टिचकी मारून आवाज ऐकतात म्हणे. खणखणीत वाजली तर चांगली?

जुना_लेथवाला

टिचकी बाकड्यावरच्या ग्राइंडरच्या दगडाला. तो चिनीमातीसारखा भाजलेला असतो, अखंड असेल तर घंटेसारखा वाजतो, तडा असेल तर बद्द आवाज येतो. तुमच्या डिस्क रेझिनने बांधलेल्या आणि आत काचेच्या धाग्यांची जाळी असलेल्या. त्या चांगल्या असल्या तरी वाजत नाहीत. त्या उजेडात धरून बघायच्या. तडा, कडेला टवका, वाकलेली, ओली झालेली किंवा खाली पडलेली असेल तर टाकून द्या.

मधल्या धातूच्या रिंगवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, उदाहरणार्थ ०४/२०२७. ती वापरण्याची शेवटची मुदत आहे, बनवल्यापासून ३ वर्षांची. रेझिन हवेतला ओलावा घेत कमजोर होतं. तुमच्या त्या ५ इंची डिस्कच्या रिंगाही वाचा.

डिस्कवरची अक्षरंही बघा. ‘ए ६० टी बीएफ’ असं काही असतं: ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दाणा, लोखंडासाठी. सी असेल तर सिलिकॉन कार्बाइड, दगडासाठी. ६० दाण्याचा आकार, टी बांधणीचा कडकपणा, बीएफ म्हणजे धाग्यांनी बळकट केलेलं रेझिन. स्टेनलेसला ‘इनॉक्स’ लिहिलेली वेगळी ठेवा. साध्या लोखंडावर वापरलेली डिस्क स्टेनलेसवर नेली तर तिच्यातली लोखंडाची भुकटी रुतते आणि काही दिवसांनी तिथे गंजाचे ठिपके उठतात.

नवा_सभासद_२

धागा वाचतोय. लाकूड कापायला ग्राइंडरवर दात असलेली गोल करवत बसवली तर? भोक जुळतंय.

चौकोनी_पाइप

नको. कृपा करून नको. भोक जुळणं हा निकष नाही, माझ्या दंडाला विचारा. लाकडाच्या गोल करवतीचं मशीन याच्या साधारण निम्म्या फेऱ्यांनी चालतं, त्याला बूड असतं, खालून मिटणारा गार्ड असतो. ग्राइंडरवर दात लाकडात रुतला की मशीन हातातून उलटून मांडीकडे किंवा गळ्याकडे येतं, आवरायला वेळच मिळत नाही. साखळीचे दात असलेल्या चकत्यांचंही तेच. लाकूड कापायला करवतीचंच मशीन घ्या.

आटेपाना

शिकाऊ_फिटर, कापायला बसण्याआधी शेवटचं. डिस्क बसवली की मशीन स्वतःपासून दूर, कुणी समोर नाही अशा बाजूला धरून अर्धा ते एक मिनिट मोकळं चालवा. डिस्कच्या रेषेत उभं राहायचं नाही. जी फुटायची असते ती बहुतेक तेव्हाच फुटते. मग दोन्ही हात, बाजूचा दांडा लावलेला, आणि पाइप असा टेकवा की कापलेलं टोक खाली लोंबून फट उघडेल. दोन्ही टोकांना आधार आणि मध्ये काप असेल तर शेवटी फट मिटते आणि डिस्क चिमटीत सापडते.

शिकाऊ_फिटर

अपडेट देतो. एका मिनिटाच्या मोकळ्या चालीनंतर आज सोळा तुकडे कापले. पहिल्या दोन कापांत पाइप दोन विटांवर ठेवला होता आणि दुसऱ्याच्या शेवटी डिस्क किंचित चिमटली, मशीनने हिसका दिला. मग आटेपाना यांनी लिहिलं तसं एक टोक क्लॅम्पने बाकाला धरलं आणि दुसरं मोकळं सोडलं. बाकीचे चौदा काप लोण्यासारखे गेले. नट पान्याच्या एका दाबाने निघाला.

एम१० चा कप ब्रश आणला, बूड खांद्यावर टेकतंय, कागदाची चिठ्ठीसुद्धा फटीत जात नाही.

५ इंची डिस्कच्या रिंगा वाचल्या. चारांवर ०७/२०१९, एकीवर आकडाच पुसलेला. पाचही दोन तुकडे करून कचऱ्यात टाकल्या, कुणी उचलून वापरू नयेत म्हणून.

एक शंका उरली. कागदी लेबल कुठल्या बाजूला?

जुना_लेथवाला

सपाट कटिंग डिस्कला दोन्ही बाजू चालतात. लेबल बाहेर ठेवा, फेऱ्यांचा आकडा आणि मुदत डिस्क न काढता वाचता येते. कागद सोलून मात्र काढू नका, तो फ्लँज आणि डिस्क यांच्यामध्ये दाब सारखा पसरवतो.